वाकडा सात

चंचलनं कागद गाडीच्या चेसिसवर, खालच्या लोखंडी सांगाड्यावर, दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. कागद नुसता करडा झाला. जागा चुकली असेल म्हणून तिनं वीतभर पुढे घासलं, मग वीतभर मागे. उजव्या चाकाच्या आत मान वाकडी करून तिनं पाच कागद काळे केले, आणि पाचांतल्या एकावरही आकडा उमटला नाही.

आरटीओच्या फॉर्मला चेसिसवर ठोकलेल्या नंबराचा असा पेन्सिलीनं उतरवलेला ठसा जोडावा लागतो. तो कागदपत्रांशी जुळला, तरच चाळीस वर्षांच्या गाडीला पुन्हा रस्त्यावर यायची परवानगी मिळते. तपासणी मंगळवारी होती आणि आज शनिवार होता.

नंबर गेला कुठे, हे तिला लगेच कळलं. मागच्या पावसाळ्यात तिनंच तो घासून टाकला होता. गाडीचं काम शिकवणाऱ्या लटारूभाऊंनी बजावून सांगितलं होतं, चेसिसला फक्त तारेचा ब्रश लावायचा, ग्रायंडर नाही. पण त्या दिवशी ते कुणाच्या तरी तेरवीला चामोर्शीला गेले होते, त्यांच्या शेडमध्ये चंचल एकटी होती आणि ग्रायंडर समोर होता. गंजाखालून लोखंड पांढरंशुभ्र निघायला लागलं की माणसाला थांबवत नाही. तिलाही थांबवलं नाही. वर प्रायमर, प्रायमरवर काळा रंग, आणि आपल्या कामाचा फोटो काढून तिनं चार जणांना पाठवलाही होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते बायकांनाही लागू पडतं.

चंचल मोहर्लीला जंगलाच्या गेटवर दुसऱ्याची सफारी जिप्सी चालवायची. पर्यटकांना वाघ दाखवायची, दिसला नाही तर त्यांची तोंडं पाहायची. पावसाळ्यात तीन महिने जंगलाचं गेट बंद, तेव्हा ती पोंभुर्ण्याला आईकडे, गुणाबाईकडे यायची. दोन वर्षांपूर्वी चामोर्शीच्या गुणवंतरावांच्या राइस मिलमागे, कोंड्याच्या ढिगाला टेकून उभी असलेली ही पिकअप तिला दिसली. पुढून जीप, मागे लाकडी हौदा, दोन चाकं जमिनीत रुतलेली, आणि बॉनेटखाली मुंगसाचं बिऱ्हाड. गुणवंतरावांनी कागदपत्रांसकट दिली आणि वर म्हणाले, ही चालू झाली तर मी मिशी काढीन. पोंभुर्ण्यात लोक म्हणत, वाघाच्या मागं गाडी पळवणारी बाई आता भंगाराच्या मागं लागली. चंचलनं कुणाचं मनावर घेतलं नाही. अकरा वर्षं गाडी चालवत होती, पण आपली म्हणावी अशी एकही किल्ली तिच्या हातात नव्हती.

गाडी दुरुस्त कशी करायची हे तिला काडीचं माहीत नव्हतं. ते लटारूभाऊंनी शिकवलं. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर राहिलेला माणूस. निवृत्तीनंतर घराच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकून बसले होते. बोलायचे कमी, आणि बोल्ट उलटा फिरवला तर नुसतं नाकातून हुं करायचे. त्या हुंकाराला चंचल वाघाच्या डरकाळीपेक्षा जास्त भ्यायची.

आता ती पाच करडे कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी कागद पाहिले, चेसिसवर अंगठा फिरवला, आणि हुं सुद्धा केलं नाही. ते तिला जास्त लागलं.

नंबराची दुसरी खूण कुठेच नव्हती. पुढच्या पत्र्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी कुणीतरी कधीच उचकटून नेली होती आणि इंजिन गुणवंतरावांच्या वडिलांनी बदललं होतं. नंबर नसलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी, निदान पोलीस तोच संशय आधी घेतात. केस झाली तर गाडी ठाण्याच्या आवारात जाऊन पडणार. आणि केस असलेल्या ड्रायव्हरला गेटवर गाडी चालवू देत नाहीत. एक तारखेला गेट उघडणार होतं. गाडी आणि रोजी, दोन्ही एका घासलेल्या जागेवर येऊन अडकल्या होत्या.

शेडच्या फळीवर लटारूभाऊंचा एक डबा होता. त्यात पोलादी पंच होते, प्रत्येकाच्या टोकाला एक आकडा. खाणीत पंपांवर, झडपांवर ते नंबर ठोकत, तो संच त्यांनी जपून ठेवला होता. चंचलची नजर डब्याकडे गेली आणि लटारूभाऊंनी ती जाताना पाहिली.

"नाई," ते म्हणाले.

तिनं नाना परीनं समजावलं. नंबर खोटा कुठे होता? आरसी बुकात लिहिलेला, गाडीवर आधी होता तोच. गाडी तीच, नंबर तोच, मग चोरी कशाची?

"नंबर म्हंजे गाडीच्या बापाचं नाव," लटारूभाऊ म्हणाले. "तो बनवणाऱ्यानं लिहाचा. खरा असला तरी आपुन नाई लिहाचा."

"तुमचं काय जाते, भाऊ? तुमाले पेन्शन हाय. गेट माहं बंद होऊन राह्यलं."

बोलून गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. लटारूभाऊंनी हात पुसले, पायात चपला घातल्या आणि घरात निघून गेले. दोन वर्षं त्या माणसानं तिच्याकडून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि ती त्याला त्याच्या पेन्शनवरून बोलली होती.

रविवारी सकाळी ते बाजाराला गेले. चंचल शेडमध्ये आली तेव्हा डबा फळीवरच होता. लपवला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढे कितीदा तरी मनाशी म्हणाली. पण ज्याला विश्वास ठेवायची सवय असते तो डबे लपवत नाही.

तिनं काळा रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, खडूनं रेघ मारली. नंबराचा पहिला आकडा सात. साताचा पंच तिनं रेघेवर धरला. हात घामानं ओला झाला होता, म्हणून ओढणीला पुसून पुन्हा धरला. हातोडी उचलली आणि मारली. घाव तिरपा बसला, पंच उडाला आणि पुन्हा जागेवर टेकतो न टेकतो तोच तिनं घाबरून दुसरा घाव घातला. खाली वाकून पाहिलं तर सात एका अंगाला कलंडला होता आणि त्याला दोन पाय फुटले होते.

आधी गाडीवर नंबर नव्हता. आता नंबर नव्हता आणि नंबर बनवायचा प्रयत्न होता. घासलं चुकून, असं म्हणता आलं असतं. हा सात चुकून मारला, असं कुठल्या तोंडानं म्हणणार होती? आगीतून उठून ती आपल्या पायानं फुफाट्यात जाऊन बसली होती.

लटारूभाऊ भाजीची पिशवी घेऊन परत आले तेव्हा ती चाकाजवळ मातीत बसलेली होती. त्यांनी वाकून पाहिलं. तिनं घाईघाईनं सांगितलं की वेल्डिंग भरू, घासू, वरून रंग मारू, कुणाला कळणार नाही.

"आता तिथी हात लावू नको," ते म्हणाले. "मंगळवारी गाडी घेऊन जाऊ, जे झालं ते सांगू. बोलणं मी करीन."

हात दाखवून अवलक्षण कशाला, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण शनिवारी जे बोलली ते अजून निस्तरायचं होतं, म्हणून तिनं मातीतला पंच उचलून डब्यात ठेवला.

मंगळवारी सकाळी गाडी पोंभुर्ण्यातून निघाली. आणि मेली काय चालली! दोन वर्षांत शेड ते चौक याच्यापलीकडे जी गेली नव्हती, ती पिकअप कुठे अडखळली नाही, तापली नाही, गिअर लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते. धानाच्या बांध्यांवरून लोक मान वळवून पाहत होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी चंचल आनंदानं ओरडली असती. आज तिला गाडीचा राग येत होता, की इतकी छान चालतेस तर मला अजून का छळतेस. शेजारी लटारूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पिशवी ठेवून बसले होते.

चंद्रपूरला आरटीओच्या मैदानात निरीक्षक साहेब आले. पन्नाशीचा, कपाळाचा घाम रुमालानं टिपत फिरणारा, कंटाळलेला माणूस. पण चाकाजवळ उकिडवा बसला आणि कंटाळा गेला. बराच वेळ पाहिलं, बोटानं चाचपलं, मग न उठता विचारलं, हे कुणी केलं.

चंचलनं तोंड उघडायच्या आत लटारूभाऊ पुढे झाले. ग्रायंडर कसा लागला ते त्यांनी सांगितलं. मग पिशवीतून डबा काढून बॉनेटवर ठेवला.

"आन् सात मी मारला, साहेब. बाईले मालूम नव्हतं."

चंचलच्या छातीवरचा दगड उतरला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तिला पहिल्यांदा हायसं वाटलं. गेट डोळ्यांपुढे आलं, उघडलेलं. लटारूभाऊ म्हातारे, त्यांना कोण काय करणार, असाही एक विचार येऊन गेला. ती गप्प राहिली. पाच-सहा श्वासांइतकी, पण गप्प राहिली.

साहेबांनी डबा उघडला, पंच एकेक करून पाहिले. विचारलं, काम काय करायचे. लटारूभाऊंनी खाणीचं सांगितलं. मैदानाच्या कडेला लोखंडी पट्टीचा एक तुकडा पडला होता, तो साहेबांनी शिपायाकडून आणवला आणि पायरीवर ठेवला.

"मारून दाखवा," ते म्हणाले. "तसाच सात."

लटारूभाऊ पायरीशी गुडघ्यावर बसले. पंच धरला. चंचलला त्यांचं मनगट दिसत होतं. त्यांनी ते मुद्दाम जरा वाकडं केलं होतं. हातोडी पडली, एकच घाव. सात उमटला. ओळंब्यानं रेघ मारावी तसा सरळ, सगळीकडून सारखा खोल.

"परत," साहेब म्हणाले.

दुसरा मारला. तोही तसाच. तिसऱ्या वेळी लटारूभाऊंनी मान फिरवून, पंचाकडे न बघता मारला, आणि तिसरा सात पहिल्या दोघांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

चंचल पुढे गेली आणि त्यांच्या हातून हातोडी घेतली. ते सोडत नव्हते, तिला ओढून घ्यावी लागली. तिनं पंच धरला आणि मारला. सात कलंडला, पंच उडाला.

"मी मारला होता, साहेब," ती म्हणाली. "भाऊंनी मले नाई म्हनलं होतं. ते बाजारात गेल्ते तवा चोरून मारला."

साहेब परत चाकाजवळ जाऊन पाहून आले. मग त्यांनी सावकाश समजावलं. ठोकलेला नंबर घासला तरी पुरता जात नाही, खालचं लोखंड दबलेलं राहतं. प्रयोगशाळेत ॲसिड लावतात, तो वर येतो. नुसतं घासलेलं असतं तर अर्ज, पोलिसांचा दाखला, प्रयोगशाळेचा कागद, एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही हा एक मारलात बाई, आता मला तोही लिहावा लागेल. मी तुम्ही स्वतःहून सांगितलं असंही लिहीन. त्याचं काय होईल ते माझ्या हातात नाही.

त्यांनी लिहिलं. चंचलनं सही केली. गाडी मैदानाच्या मागच्या कुंपणाला लागली, जिथे आधीच दोन टेम्पो आणि एक ट्रॅक्टर वाट बघत उभे होते. किल्ली साहेबांनी पाकिटात घातली, पाकिटावर तारीख टाकली. निकाल लागेपर्यंत गेटवर जाऊ नका, मोहर्लीला तसं पत्र जाईल, असंही त्यांनी सांगितलं. किती दिवस लागतील, हे तिनं विचारलं. ते त्यांनाही सांगता येईना.

पोंभुर्ण्याच्या बसमध्ये दोघांना मागची सीट मिळाली. चंचलला रडू येत नव्हतं. एक तारीख येईल, जिप्स्या रांगेत लागतील, तिच्या जागी दुसरं कुणी बसेल, हे सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. आणि तरीही गुडघ्यावर बसलेला, मान फिरवून घाव घालणारा तो म्हातारा डोळ्यांपुढून हलत नव्हता. ती म्हणाली, शनिवारी मी पेन्शनचं बोलली, ते बोलाले नोको होतं.

लटारूभाऊ खिडकीबाहेर पाहत होते. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. बस बऱ्याच पुढे आल्यावर ते हळूच म्हणाले, "मी वाकडाच मारून राह्यलो होतो, बाई. तिन्ही खेपा."

"मालूम हाय, भाऊ," चंचल म्हणाली, आणि शनिवारपासून अडकलेलं रडू तिला तिथे, भर बसमध्ये आलं.