बाईंच्या पायाखालचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. त्या शनिवारी बाई नेहमीसारख्या माझ्यावर पाय टेकून शेंगा सोलत बसल्या होत्या. लेक आली. दोन-चार शेंगा सोलून म्हणाली, "आई, शाळेच्या त्या फॉर्मबद्दल एकदा बोलायचं होतं."

"मग बोल की. मी कुठे पळून चाललेय?"

"पुढच्या शनिवारी. आज घाईत आहे गं."

मंगळवारी बाई गेल्या.

मित्रांनो, मी मूळचा कपडे शिवण्याच्या कारखान्यातला. माझ्यात दोऱ्याची रिळं भरलेली असत. बाई तिथे शिवणकामाला होत्या. दिवस गेले की मालक बायकांना कामावरून काढून टाकायचा. एका संध्याकाळी बाईंनी रिळं जमिनीवर ओतली, मला फाटकाबाहेर आणलं आणि माझ्यावर चढून बोलायला लागल्या. उंचीनं त्या बेताच्याच. मागून त्यांची मैत्रीण ओरडली, "हां, आता दिसलीस! बोल!"

पुढची अकरा वर्षं त्या बोलत राहिल्या. बाळंतपणाची रजा कायद्यात आली तेव्हाच खाली उतरल्या.

पहिल्यांदा त्यांना तुरुंगात टाकलं, तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. शाळेच्या फॉर्मवर आईसाठी एक रकाना होता. तिनं त्यात लिहिलं, 'आई नाही.' दोनच दिवसांत बाई सुटून आल्या. वडील कामावर गेले होते. बाईंनी फॉर्म माझ्यावर ठेवला, सगळा वाचला आणि खाली पालक म्हणून सही केली. बोलल्या काहीच नाहीत.

पुढे सरकारनं त्यांना महिला कामगार मंडळाचं अध्यक्ष केलं. शिपाई म्हणाला, "बाई, हा खोका फेकून देऊ?"

"फेक. मग माझे लोंबकळणारे पाय तू धर."

आधीच्या साहेबांची खुर्ची उंच होती ना! तेव्हापासून मी टेबलाखाली राहिलो. एकदा तीच मैत्रीण अर्ज घेऊन आली. "काय गं, अकरा ते एक भेटायची वेळ? आम्ही तेव्हा मशीनवर असतो, विसरलीस?" बाई खजील झाल्या. दुसऱ्या दिवसापासून भेटीची वेळ संध्याकाळी सहानंतरची झाली. बायकांनी त्यांचं फार कौतुक केलं. घरी लेक एकटी जेवू लागली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मीही त्यांच्याबरोबर घरी आलो. आता घरातली त्यांची खोली आवरायला काढली आहे. मला दाराबाहेर ठेवलं होतं. माझी एक फळी सुटली आहे, पण ती कधीही ठोकता येईल. आईशी काही बोलायचं असेल तर मात्र, मित्रांनो, ते आजच बोला.

काल लेकीनं मला आत आणलं. माझ्यावर बसली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "आई, मुली मला तुरुंगवालीची पोरगी म्हणायला लागल्या होत्या. मला तुझी लाज वाटली, म्हणून तसं लिहिलं. तू वाचलंस, तेही मला ठाऊक होतं. तू रागवायला हवं होतंस गं. मी वाट बघत होते."