मोडकी बिजागरी

कपाटाची बिजागरी तुटली, तशी ती रुमालात गुंडाळून मी नव्या भल्यामोठ्या दुकानात गेले. ही बाबांची सवय. पूर्वी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या मामांकडे मोडकी वस्तू नेल्याशिवाय सुटका नसायची. "तोंडी वर्णन नको, मढं दाखव," म्हणून ते खेकसायचे. मग तो तुकडा तळहातावर घोळवत आतल्या अंधारात शिरायचे आणि ग्रीसने माखलेली तिची जुळी बहीण घेऊन बाहेर यायचे.

इथे सगळं पाकिटात बंद. ताडून बघायला पाकीट फोडू देईनात. ज्याला विचारावं तो म्हणे, "मॅडम, ॲपवर बघा." वैतागून मी तशीच परत निघाले.

दारावरच्या रखवालदाराने पिशवी तपासली, रुमाल उलगडला.

"हिचं बिल?"

माझं टाळकंच सरकलं. "अहो, गंज दिसत नाही का? ही मामांच्या दुकानातली आहे, बाबांनी आणलेली!"

"मग त्यांच्याकडून बिल आणा," तो शांतपणे म्हणाला. "कुठे आहे त्यांचं दुकान?"

मी त्याच्या बुटांखालच्या चकचकीत फरशीकडे बोट दाखवलं.

"तुम्ही उभे आहात ना, तिथेच."