एकेचाळीसपैकी एक

ताईने फुली दाबली, खिडकी गेली आणि तिच्या जागी दोन आल्या. एकीत एका टकल्या माणसाला आठवड्यात केस आले होते. दुसरीत लिहिलं होतं, अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकलात.

"या महिन्यातली ही सातवी," आई दारातून म्हणाली. "मी मोजतेय. एवढ्या मोटारी लावायच्या कुठे तेवढं बघा."

"अगं, केव्हापासून चाललंय हे? आणि मला इतके दिवस कुणी सांगितलं नाही?"

"झाली की दोन वर्षं. सांगून काय उपयोग? तुझे बाबा हात लावू देतील तर ना. म्हणे असू दे, चालतंय."

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते, ताठ, हाताची घडी घालून, जणू ताई कॉम्प्युटर नाही, त्यांचंच पोट उघडणार होती. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झालं तरी डोळ्याला लावायचं भिंग काही सुटलं नाही. आत्तासुद्धा ते कीबोर्डच्या बाजूला पडलं होतं. ताईने ते उचलून बाजूला ठेवलं, तर बाबांनी परत होतं तिथेच आणून ठेवलं.

आता कॉम्प्युटर हे निमित्त होतं. ताई आली होती ती वेगळ्याच कामाला, आणि ते काम ओढणीखाली फोनमध्ये धगधगत होतं. धाकट्या भावाचा मेसेज होता. 'उद्या सकाळी जहाज बंदराला लागतंय. पंधरा दिवस सुट्टी. घरी येऊ की मित्राकडे उतरू? पाचपर्यंत सांग, बसचं तिकीट काढायचंय. आणि खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.'

ती आल्यापासून तीन वेळा विषय काढायला गेली होती आणि तिन्ही वेळा कॉम्प्युटरचंच काहीतरी विचारून बसली होती. कारण दोन वर्षांपूर्वी बाबांनी ज्या दिवशी दुकानाची किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली, त्याच दिवशी त्याने ती टेबलावर परत ठेवली, मी बोटीवर इंजिनात काम करायला चाललोय म्हणाला, आणि बाबा म्हणाले, "जा. मग या घरात तुझं नाव निघणार नाही." बाबांची घड्याळं पुढेमागे व्हायची नाहीत, तसा शब्दही. आईसुद्धा लेकाशी बोलायचं तर फोन घेऊन गच्चीवर जायची, वाळत घातलेले कपडे काढायचे म्हणून, आणि रिकाम्या हाताने खाली यायची.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

ताईने आधी इंटरनेट बंद केलं, म्हणजे नव्या खिडक्या यायच्या थांबतील, आणि कॉम्प्युटरमध्ये काय काय घुसलंय त्याची यादी उघडली. फुकट हवामान. झटपट पीसी. कूपनवाला. तारखेप्रमाणे लावल्यावर तिला गंमत वाटली, जवळजवळ सगळे पाहुणे दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आलेले. दुकान नुकतंच बंद झालेलं, माणसाला वेळ जात नसणार, दिसेल ते बटण दाबलं असणार, असं म्हणत तिने एकेकाला घराबाहेर काढलं. पुन्हा चालू केलं. इंटरनेट जोडलं. आणि टकला माणूस हजर.

"म्हटलं होतं ना," बाबा म्हणाले. आवाजात चक्क समाधान होतं.

"थांबा हो. हा ब्राउझरमधून येतोय. कुणी तरी त्याला परवानगी दिलीये." तिने ती यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, एकेचाळीस! एकेचाळीस जणांना 'परवानगी द्या' दाबलंय तुम्ही. अहो, घरात पोस्टमनला उंबऱ्याच्या आत घेत नाही तुम्ही."

"विचारत होते. मी हो म्हटलं."

"सगळे एकदम काढून टाकते."

"नाही." बाबांचा हात माउसवर आला. "एकदम नाही. कुठला स्क्रू कुठला हे कळल्याशिवाय फेकायचा नाही. एकेक वाच, मग काढ."

"पाच वाजतील!" ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजातली घाई कॉम्प्युटरसाठी नव्हती.

"वाजू दे. वाच."

तिने वाचायला सुरुवात केली.

"केस उगवा."

"काढ."

"नशीबवान विजेता."

"काढ."

"एखादी मोटार तरी राहू द्या हो," आई म्हणाली. तीही आता स्टूल ओढून बसली होती.

तिसापर्यंत असं भराभर चाललं. मग ताईचा आवाज जरा हळू झाला.

"बोट शोधा."

बाबा घुटमळले. "काढ. खोटं आहे ते."

"जहाज आज कुठे."

"तेही."

"जगातली सर्व जहाजं, मोफत."

"काढ म्हटलं ना. त्यात कधी दिसलंच नाही."

बाबांनी घसा साफ केला. ताईने मान वर केली नाही, नुसती पुढची ओळ वाचली, आणि त्याच्या पुढची, आणि त्या सगळ्या तशाच, जहाजांच्या, एका खऱ्या दाराच्या शोधात ठोठावलेली दहा खोटी दारं. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता आणि ज्या माणसाने घरात एक नाव निघू दिलं नाही, तो प्रत्येकाला हो म्हणत गेला होता.

"सागरी नकाशा," तिने शेवटचं वाचलं.

बाबा उठले. "घड्याळाला चावी द्यायची राहिली," म्हणाले आणि भिंतीकडे गेले.

"सकाळीच तर दिली," आई म्हणाली.

"सैल पडते."

ताईने त्या ओळीवरचा बाण हळूच बाजूला सरकवला आणि यादी बंद केली.

मग दोघी नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. काही आलं नाही. टकल्या नाही, मोटार नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तो पडदा शांत होता, आणि बाबा पाठमोरे उभे राहून चावी देत होते, जी फिरत नव्हती, कारण ती पूर्ण भरलेली होती.

चार वाजले. चौथ्या ठोक्याबरोबर कोपऱ्यात टिंग झालं. छोटीशी पट्टी, त्यात एक निळा ठिपका. 'तुम्ही नोंदवलेलं जहाज: बंदरापासून एकशे साठ मैल. वेग बारा.'

"अगं, हे एक राहिलं," आई म्हणाली. तिने भाबडा चेहरा केला होता, पण तो तिला नीट जमला नाही.

बाबा आले, खुर्चीत बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि पडद्यावर वाकले. त्या ठिपक्यात आणखी काय दिसत होतं देव जाणे, पण ते बराच वेळ बघत राहिले.

"काढू?" ताईने विचारलं.

"राहू दे. याचा त्रास नाही."

ते बोटांवर काहीतरी मोजत होते. एकशे साठ भागिले बारा. पुढे बंदरातून इथपर्यंतचा रस्ता.

ताईने फोन बाहेर काढला. दुपारपासून लिहीत-खोडत ठेवलेला मोठा मेसेज तिने पुसून टाकला आणि दोनच शब्द लिहिले, 'घरी ये.'

"ऐकलंस का," बाबा आईला म्हणाले. भिंग अजून डोळ्यालाच होतं. "उद्या रात्रीचं जेवण जरा उशिरा ठेव."

"का? कोण येणारे?"

"मला काय माहीत? कुणी आलंच तर."