रंगाखालचा नंबर

मित्रांनो, मी किल्ल्या कापणारी एक जुनी मशीन आहे. मला दोन शिकंजे आहेत आणि एक दातेरी चाक आहे. एका शिकंज्यात तुमची किल्ली बसवतात, दुसऱ्यात कोरी, आणि तुमच्या किल्लीवरून काटा जसा वरखाली होत सरकतो तसे माझे चाक कोऱ्या किल्लीवर दाते पाडत जाते. एवढीच माझी विद्या. पण तेवढ्यावर एक घर चालत होते, हे मी अभिमानाने सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग करडा होता. पोटावर पत्र्याची एक छोटी पट्टी होती आणि तिच्यावर माझा नंबर कोरलेला होता. मला विकत घेतले ते एका कुलूप दुरुस्त करणाऱ्या माणसाने. त्याचे दुकान म्हणजे दोन इमारतींमधली सांदच. एक माणूस, एक स्टूल आणि मी, की दुकान भरले. गल्लीतले सगळे त्याला काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

काकांची एक रीत होती. गिऱ्हाईक समोर उभे असतानाच ते किल्ली कापत. एखादी बिघडली तर पक्कडीत धरून तिचे डोळ्यांदेखत दोन तुकडे करत आणि ते तुकडेही गिऱ्हाइकाच्याच हातावर ठेवत. "घराची किल्ली आहे बाबा, तिचा तुकडासुद्धा माझ्याकडे नको." लोक हसायचे, पण तुकडे खिशात घालून निश्चिंत मनाने घरी जायचे.

काकू दुपारी डबा घेऊन येत. मी गंजकी दिसते याचे त्यांना फार वाईट वाटे. वर्षातून एकदा त्या उरलासुरला हिरवा रंग आणून मला नखशिखांत रंगवून काढत. पहिल्याच खेपेला काका म्हणाले, "अगं, नंबरावर नको लावूस."

"नंबर काय चाटायचाय?" काकूंचा ब्रश थांबला नाही. "गिऱ्हाईक मशीन बघतं, नंबर नाही."

पुढे वर्षानुवर्षे थरावर थर चढले, पट्टी दिसेनाशी झाली आणि माझा नंबर मलाही आठवेना. दिसत मात्र मी झकास होते.

मग गल्लीच्या टोकाच्या घरात चोरी झाली. कुलूप फोडलेले नव्हते. कोणीतरी सरळ किल्लीने दार उघडून कपाट धुऊन नेले होते. किल्ली म्हटल्यावर पहिले नाव कोणाचे निघणार? भर दिवसा पोलिसांची गाडी आमच्या सांदीसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी कोऱ्या किल्ल्यांचे खोके जमिनीवर उपडे केले, कानशी नेल्या, हुक नेले आणि शेवटी मला खिळ्यांसकट फळीवरून उपटले. ज्या लोकांना काकांनी अर्ध्या रात्री उठून दारे उघडून दिली होती, ते लोक हाताची घडी घालून बघत होते. पंच म्हणून समोरच्या घड्याळवाल्याला बोलावले. तो रोज काकांच्या डब्यातला घास खाणारा माणूस. त्याने सही केली आणि काकांकडे मान वर करून पाहिलेही नाही. मला त्याचा अजून राग आहे.

"हिरवी लोखंडी मशीन, नंबर नाही," एक पोलीस मोठ्याने म्हणत लिहू लागला.

"साहेब, नंबर आहे. रंगाखाली आहे," काका म्हणाले.

"मला दिसतोय का? दिसत नाही म्हणजे नाही."

काकांना चौकशीसाठी चौकीत बसवून ठेवले आणि मी अशी मुद्देमालाच्या खोलीत आले. पोलीस जे जप्त करतात त्याला मुद्देमाल म्हणतात आणि ते सगळे एका खोलीत कोंबून ठेवतात. माझ्या एका बाजूला हवा गेलेली सायकल होती, दुसऱ्या बाजूला लहान मुलाची गादी. डोक्यावर कोणीतरी एक मोडका पंखा टाकला आणि माझ्या चाकाचा एक दाता तुटला. छतातून पाणी ठिबकायचे ते नेमके माझ्या शिकंज्यावर.

तिकडे खरा चोर लवकरच सापडला. तो त्या घरमालकाचा सख्खा भाचा निघाला. त्याने मामीच्या पर्समधली किल्ली घेऊनच दार उघडले होते. काकांना चौकीतून "जा आता" म्हणून सोडले. माफीबिफीचा विषयच नव्हता. काकांनीही ती मागितली नाही. त्यांना मी हवी होते, कारण माझ्यावाचून त्यांचे हात रिकामे होते.

मुद्देमाल सांभाळणारा हवालदार वाईट नव्हता, नुसता कंटाळलेला होता. काकांनी माझी जुनी पावती दाखवली. त्याने ती वाचली आणि मान हलवली.

"पावतीवर नंबर आहे, मशीनवर नाही. तुमचीच कशावरून?"

"रंग खरवडला की दिसेल, साहेब."

"जप्त मालाला ओरखडा जरी पडला तरी माझी नोकरी जाईल. कोर्टाचा हुकूम आणा."

कोर्टात सांगितले, आधी नंबर जुळवून आणा, मग हुकूम. नंबर बघायला हुकूम हवा आणि हुकमाला नंबर हवा, अशा कात्रीत काका सापडले. या दारातून त्या दारात चपला झिजवता झिजवता ते अर्धे झाले. काकू एकदा स्वतः चमचा घेऊन आल्या. "मीच रंगवलंय दादा, मीच खरवडते. पाच मिनिटांचं काम आहे." हवालदाराने चमचा बाहेर ठेवायला लावला. पोटासाठी काका गोदामात पोती उचलू लागले होते. रखवालदारीही मागून पाहिली होती, पण ज्याच्या दुकानाची झडती झाली त्याला कोण रखवालदार ठेवणार? संध्याकाळी ते पाठीवर हात दाबत येत आणि जाळीतून मला बघत. एकदा त्यांनी बोटे आत घालून माझा शिकंजा फिरवून पाहिला. तो फिरला नाही.

"हात बाहेर," हवालदार म्हणाला. पण हळूच म्हणाला.

अखेर कोर्टात नव्या न्यायाधीश बाई आल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पंचांसमोर रंग काढण्याचा हुकूम दिला. हवालदाराने आपला चाकू काकूंच्या हातात ठेवला. "तुम्हीच काढा ताई." हिरव्या ढलप्या पडू लागल्या आणि काकूंच्या डोळ्यांना धार लागली.

"माझ्याच हातांनी मी हे सगळं..."

"अगं, तुझ्या रंगानंच तर आतला पत्रा वाचलाय. बघ, गंजाचा ठिपका नाही," काका म्हणाले. खरेच पट्टी लख्ख होती. नंबर जुळला. माझ्या जिवात जीव आला. आता पुन्हा सगळे पहिल्यासारखे होईल असे मला वाटले. मी खुळी.

काका मला खांद्यावर घेऊन गल्लीतून निघाले. वाटेत त्यांची चाल मंदावली. दोन्ही बाजूंच्या दारांवर नवी कोरी कुलुपे लटकत होती. त्या कुलुपांपैकी एकाचीही किल्ली आमच्याकडे कापलेली नव्हती. दुकान बंद पडल्यापासून काका इकडे फिरकले नव्हते, तेवढ्यात सगळ्या गल्लीने कुलुपे बदलून टाकली होती. भाचा पकडला गेला हे सर्वांना ठाऊक होते, तरीसुद्धा. काकांचा श्वास तेवढा मला ऐकू येत होता.

त्यांनी माझे चाक बदलले, शिकंजे तेलात भिजवून सोडवले, फळीवर मला पुन्हा ठोकले. रोज दुकान उघडू लागले. एक बाई आली होती. मुठीत किल्ली घट्ट धरून उभी राहिली, माझ्याकडे बघितले, मग काकांकडे. "नाही, सहज आले होते," म्हणाली आणि गेली. त्यानंतर कोणीच नाही. काका तरी मला रोज पुसतात.

परवा दुपारी काकूंनी डबा ठेवला, कमरेची घराची किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली.

"एक करून द्या हिची."

"कशाला? दोन आहेत की आपल्याला."

"असू द्या तिसरी."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि कोरी किल्ली बसवली. बऱ्याच दिवसांनी मी फिरले. काल काकू पुन्हा आल्या. आज पुन्हा. आमच्या एका दाराला आता इतक्या किल्ल्या झाल्या आहेत की घरी खिळ्यावर मावत नाहीत.

मित्रांनो, पोलिसांनी नेलेली वस्तू कधी ना कधी परत मिळते. तुम्ही लोकांनी काढून नेलेला भरवसा मात्र कोणत्या खिडकीवर मागायचा, हे काकांना कोणी सांगितलेले नाही. कोणाची झडती झाली आणि तो निर्दोष ठरला, तर निदान त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ नका. आणि तुम्हाला एखादी जास्तीची किल्ली करायची असेल तर घेऊन या. पेटीची असो, कपाटाची असो, कसलीही चालेल. दुकान रोज उघडे असते.