हवेतले सूर

येडगावच्या जत्रेत वाजवायला तेजस्विनी आली ती मनाविरुद्धच. संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही शिकून पुण्यात राहणारी ही मुलगी डोळ्यांवर पडद्यांचं हेल्मेट चढवायची, वायरी लावलेले हातमोजे घालायची आणि हेल्मेटात तरंगताना दिसणाऱ्या रंगीत गोळ्यांना हवेतच हात लावून सूर काढायची. मूठ आवळली की सूर दबायचा, बोटं पसरली की उलगडायचा. पुण्यातल्या जाणकारांनी तिला दाद दिली होती. गावाला यातलं ओ की ठो कळणार नाही, याची तिला खात्री होती. "त्यांना कानठळ्या बसल्या की पुरे," असं मैत्रिणींना सांगूनच ती निघाली होती. काय करणार, आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जत्रा कमिटीला शब्द देऊन टाकला होता.

साउंड सिस्टीम चुलतभावाची, गोरखची. गळ्यात जाड साखळी, तोंडात गुटखा.

"तेजे, एखादं दणक्याचं गाणं बसव की. न्हाईतर पब्लिक उठंल."

"दादा, माझ्या लॅपटॉपचा आवाज स्पीकरला सोड, बास. बाकीचं तुला कळायचं नाही."

"बरं बाई," म्हणत गोरख मिक्सरकडे गेला.

संध्याकाळी मंडप भरला. तेजस्विनीने हेल्मेट चढवलं, कानांवर जाड हेडफोन घातले. समोरची तोंडं दिसेनाशी झाली तेव्हा तिला हायसं वाटलं. तिने एक संथ, खोल सूर उचलला, त्यावर दुसरा ठेवला. थोड्या वेळाने पायाखालच्या फळ्या थडथडू लागल्या. आपला खर्ज आज चांगलाच घुमतोय, असं वाटून तिला चेव चढला. हात खांद्यावरून फिरले, बोटं नाचली, शेवटचा सूर तिने मुठीत धरून हळूच विझवला.

हेल्मेट वर सरकवलं तर समोर शिट्ट्या, उडणाऱ्या टोप्या, स्टेजला लागून बेभान नाचणारी पोरं. "वन्समोर!" असं ओरडताना त्यांची तोंडंच तिला दिसत होती. आपण या माणसांना उगाच कमी लेखलं, असं क्षणभर मनात आलं. मग तिने हेडफोन काढले.

स्पीकरवर त्या वर्षी प्रत्येक वरातीत वाजलेलं एक गाणं चालू होतं. तिचे हात खाली होते, तरी ते चालूच होतं.

ती तरातरा मिक्सरपाशी गेली. "कधीपासून?"

"अगं, लोकं जांभया द्यायला लागली, म्हणून शीडी लावली," गोरख म्हणाला. "तुझं हातवारं लई फिट बसत व्हतं राव!"

तेजस्विनीने सीडी बाहेर काढली, पाठीमागच्या उसात भिरकावली आणि माइक घेतला. "आत्ता वाजलं ते माझं नव्हतं. माझं आता वाजेल."

या खेपेला तिने हेल्मेट डोळ्यांवर घेतलंच नाही. कोणता गोळा कुठे आहे ते हातांना पाठ होतं. तिला ही तोंडं बघायची होती. पहिला सूर घुमला तसं कुणीतरी ओरडलं, "डास मारतीय रे!" हशा पिकला. मग खुर्च्या सरकू लागल्या. बायका पोरांना घेऊन पाळण्यांकडे निघाल्या, पोरं भेळेच्या गाड्यांवर गेली. सरपंचांनी तिच्यासाठी आणलेला हार जाता जाता गोरखच्या गळ्यात घातला आणि गोरखने तो घालूनही घेतला. उठणाऱ्या एकेका माणसाकडे तेजस्विनी रोखून बघत होती. जा, म्हणत होती मनातल्या मनात, तुमची लायकी त्या सीडीएवढीच. एकही सूर न गाळता तिने रचना शेवटपर्यंत नेली.

पहिल्या रांगेत आबा तेवढे उरले होते. मांडीवर टोपी, ताठ बसलेले. ती समोर जाऊन उभी राहिली.

"आवडलं?"

आबांनी जरा विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "लई वेळ चाललं. मला त्यातलं काय बी समजलं न्हाई."

दिवसभरात एवढं सरळ तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं. तिने हातमोजे उतरवले आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला आबांच्या हातात दिली.