मागलं दार पुढे आलं

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी दार आहे. बैहरच्या जंगलातल्या एकाच ओंडक्यातून आम्ही दोन दारं निघालो, मापही एकच. बालाघाटातल्या एका कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, घरात सुताराने माझ्या जोडीदाराला पुढे बसवलं आणि मला मागे.

घरच्या अहिल्याबाई रोज सकाळी त्याच्या पायावर तांब्याभर पाणी घालत, हळदकुंकू लावत. माझ्या पायाशी चुलीची राख टाकत. हातात खरकटी भांडी असली की मला पायानेच ढकलत. पुढे पाणी पडल्याचा आवाज आला की माझा जीव जळे. एकदा तरी ते माझ्यावर पडावं, एवढंच माझं मागणं होतं.

१९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली. अहिल्याबाईंचे यजमान बंडोपंत कचेरीत कारकून होते. त्यांची नोकरी नागपूरला गेली आणि घर विकायला निघालं. भरवेलीच्या खाणीत काम करणारा तेजराम घ्यायला तयार झाला, पण आधी घर तपासायला बायकोला आणि फकिरा सुताराला घेऊन आला. बंडोपंतांनी आदल्या दिवशीच पुढच्या दाराला तेल चोपडलं होतं. मला कोण चोपडणार?

फकिराने पुढच्या चौकटीच्या पायात खिळा टोचला. तो बोटभर आत गेला.

"वाळवीनं खाल्ली जी," तो म्हणाला.

तेजरामने कवेलू फेरून नीट बसवून मागितले, मोरी बांधून मागितली, चौकट बदलून मागितली. कवेलूंना बंडोपंत लगेच कबूल झाले, मोरीला कुरकुरत. चौकटीला मात्र साफ नाही म्हणाले. चार दिवसांत नागपूरला हजर व्हायचं, सागवान कुठून आणणार? तेजराम वहाणा घालू लागला.

तेवढ्यात त्याची बायको दुर्गाबाई मागच्या बाजूने, माझ्यापाशी उभी राहून बोलली. तिथे फकिरा मलाही खिळा टोचून पाहत होता, पण तो माझ्यात शिरत नव्हता.

"याले काहून नाही लागली वाळवी?"

"इथं राख पडते ना जी. तिथं रोज पाणी," फकिरा म्हणाला.

अहिल्याबाईंनी मान खाली घातली. "माझ्याच हाताने घातलं हो," त्या म्हणाल्या.

"मंग हेच पुढं लावा. मांगं बांबूचा टट्टा चालते आमाले," दुर्गाबाई म्हणाली.

तेजरामने वहाणा काढल्या. सौदा झाला.

मला चौकटीसकट पुढे बसवलं. पहिल्या सकाळी दुर्गाबाईने नुसतं बोट बुडवून पाणी शिंपडलं. पण लक्ष्मीचा उंबरठा कोरडा ठेवायला तिचं मन धजेना. ओंजळ झाली, मग तांब्या. वर्षभर माझ्या आनंदाला पार नव्हता. आता माझ्या पायात काहीतरी कुरतडतं आणि मला त्या टट्ट्याचा हेवा वाटतो. त्याच्या पायाशी राख आहे.

मित्रांनो, दाराला पाणी जरूर घाला. पण मग एक फडकं घेऊन त्याचे पाय पुसा. दुर्गाबाईला माझं ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.