मी डॉक्टर नाही, रोझमेरी आहे

मी रोझमेरी बोलतेय. हो, तीच, बेकरीच्या खिडकीतल्या कुंडीतली, सुईसारख्या पानांची. नाक मुरडू नका. माझं कूळ समुद्राकाठच्या खडकांत, रखरखीत उन्हात वाढलंय. मला लाड नकोत आणि पाणीही बेताचंच लागतं.

बेकरीवाल्याच्या बायकोने मला बोटभर फांदीपासून वाढवलं. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणते. कुणाचं पोट फुगलं की मावशी माझा काढा पाजते. गुडघा धरला की माझी पानं मुरवलेलं तेल चोळते. डोकं जड झालं तर पान चुरगळून नाकाशी धरते. यातलं थोडंफार मला जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे. शेजारच्या टकल्या शिंप्याला मात्र तिने केसांचा शब्द देऊन टाकला. तो रोज येऊन माझ्याकडे आशेने बघायचा. मी काय करणार, कप्पाळ?

त्या दिवशी बेकरीला सुट्टी होती. बेकरीवाला स्टुलावर छाती चोळत बसला होता. सदरा घामाने चिंब झालेला.

"गॅस झालाय, दुसरं काही नाही," म्हणत मावशीने माझ्या फांद्या खुडल्या.

"अगं, पण घाम बघ ना किती आलाय!" लेक म्हणाली.

"भट्टीवाल्याला घाम येणारच. जन्म गेला माझा बघण्यात!"

मला ओरडावंसं वाटलं. रोज माझ्या पाठीला लागणारी धग त्या दिवशी नव्हतीच. काढा उकळू लागला आणि मला माझ्याच वासाची चीड आली.

लेकीने भट्टीच्या दाराला हात लावला.

"आई, भट्टी गार आहे! मग बाबांना घाम कसला? ठेव ते पातेलं, गाडी बोलाव आधी!"

बेकरीवाला वाचला. हृदयाचा झटका होता, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. मावशी घरी आली ती थेट माझ्याकडेच. "काही कामाची नाहीस तू!" म्हणत तिने मला मागच्या पायरीवर आदळलं. घाबरली होती बिचारी, राग माझ्यावर काढला.

पण का म्हणून ऐकून घेऊ? हृदय सांभाळते असं मी कधी म्हटलं होतं? तुम्हीच मला डोक्यावर चढवलंत आणि तुम्हीच फेकलंत. रुसून वाळणाऱ्यांतली मी नाही. तडकलेल्या कुंडीतही मला नवे कोंब फुटलेत.

खुडा मला, चोळा, पावात घाला, खुशाल. पण कुणी छाती धरून घामाघूम झालं, तर माझ्यापाशी थांबू नका. पायरीवर आडवी आले तर मला तुडवून पळा.